उरल्यासुरल्या पार्टांची फेंडर: मॅव्हरिक आणि स्विंगर घ्यायच्या आधी कशी तपासायची

हे लिहायचं कारण एकच, लोक फेंडर या अमेरिकन कंपनीच्या या जुन्या इलेक्ट्रिक गिटार उलट्या क्रमाने तपासतात. आधी नेकवरची तारीख बघतात, ती जुळली नाही की "बनावट आहे" म्हणून सोडून देतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे घेतात आणि मग "नीट" करायला बसतात, बुजवलेली भोकं उकरतात, रंग खरवडतात, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे भाग) बदलतात. काम झाल्यावर फोटो पाठवून विचारतात की आता किंमत किती येईल. तोपर्यंत सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.

या लेखात दोनच मॉडेल धरतोय. पहिलं फेंडर कस्टम, त्यालाच मॅव्हरिक पण म्हणतात, १९६९-७० चं. बंद पडत आलेल्या इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह या बारा तारांच्या गिटारच्या बॉडी, नेक आणि पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) पडून होते ते वापरून केलेलं. दुसरं स्विंगर, १९६९ चं, बास फाइव्ह या पाच तारांच्या बासच्या आणि म्युझिकमास्टर या फेंडरच्याच गिटारच्या उरलेल्या मालातून. दोन्हीच्या मागे कारखान्यातला एकच माणूस होता, व्हर्जिलिओ 'बेब' सिमोनी. साठा संपवायचा होता, त्याने संपवला. इतकी पार्श्वभूमी पुरे.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नेहमीच्या जुन्या गिटारमध्ये सगळ्या तारखा एकमेकींच्या जवळ असाव्या लागतात. इथे त्या लांब असणंच बरोबर आहे, बघायचं असतं ते लांब कुठल्या दिशेने आहेत ते.

## आधीची तयारी

गिटार हातात यायच्या आधी हे जवळ ठेवा:

- फिलिप्स स्क्रूड्रायव्हर दोन, एक नंबर पिकगार्डच्या (बॉडीवरच्या पुढच्या पाटीच्या) बारीक स्क्रूंना आणि दोन नंबर नेकच्या चार मोठ्या स्क्रूंना. एकाच पेचकसाने सगळं उघडायला जाऊ नका, पन्नासएक वर्षांच्या स्क्रूचं डोकं एकदा घासलं गेलं की गेलंच.
- छोटा टॉर्च. मोबाईलचा चालतो पण बारीक झोताचा असेल तर बरं.
- नोटा तपासायला वापरतात तसला यूव्ही टॉर्च.
- मल्टिमीटर.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी.
- झाकणाच्या छोट्या डब्या किंवा गोळ्यांचा आठवड्याचा डबा, स्क्रू वेगवेगळे ठेवायला.
- जुनी मऊ चादर. टॉवेल नको, त्याच्या धाग्यात ट्यूनरची टोकं अडकतात.

थंडीच्या दिवसांत पार्सल आलं असेल तर केस लगेच उघडू नका. घरात आणून बंदच ठेवा, निदान पाच-सहा तास. थंडगार गिटार एकदम उबदार खोलीत उघडली की लाकूड आणि रंग वेगवेगळ्या वेगाने पसरतात आणि रंगाला बारीक तडे जातात. इथे अमेरिकेत जानेवारीत घेणाऱ्या आपल्या मंडळींकडून हे हमखास होतं, उत्साहात कुरिअरवाल्यासमोरच केस उघडतात.

## १. हात न लावता बघा आणि फोटो काढा

पहिली पंधरा मिनिटं एकही स्क्रू नाही, तार पण सैल करायची नाही. चादरीवर ठेवा आणि फोटो काढा, पुढून, मागून, चारही कडा, हेडस्टॉक (ट्यूनर असलेलं टोक) दोन्ही बाजूंनी, नेक जिथे बॉडीला मिळतो तो सांधा, नेकप्लेट, ब्रिज, नॉब. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीचा उजेड घ्या.

मग आकार बघा. मॅव्हरिकची बॉडी मूळची इलेक्ट्रिक ट्वेल्व्हची, पण कडा कापून टोकदार केलेली. हेडस्टॉक पण छाटून बदललेला. इलेक्ट्रिक ट्वेल्व्हचा तो हॉकी स्टिकसारखा गोल वळलेला हेडस्टॉक जसाच्या तसा असेल, बॉडीही न कापलेली असेल आणि फक्त तारा सहा असतील, तर ती मॅव्हरिक नाही, कोणीतरी बारा तारांच्या गिटारवर सहाच चढवल्यात. असल्या गिटार मॅव्हरिक म्हणून विकायला येतात आणि विकणाऱ्याला बरेचदा खरंच माहीत नसतं.

स्विंगरचा हेडस्टॉक भाल्याच्या पात्यासारखा टोकदार, आणि बॉडीच्या खालच्या कडेला मोठा चावा घेतल्यासारखी खाच.

तपासा: नटपासून (हेडस्टॉककडची, तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत अंतर मोजा. मॅव्हरिकला साधारण ३२४ मिमी यायला हवं, म्हणजे पूर्ण स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी, याच्या दुप्पट) २५.५ इंच. स्विंगरला साधारण २८६ मिमी, म्हणजे २२.५ इंच. स्विंगरचा हा आखूड नेक हातात घेतला की लगेच कळतो, पण अंदाजावर जाऊ नका, पट्टी लावा. इथेच आकडा चुकला तर नेक बदललाय, आणि मग पुढचं सगळं त्या नजरेने बघायचं.

## २. आडव्या उजेडात बुजवलेली भोकं शोधा

मॅव्हरिकमध्ये सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर.

बारा ट्यूनरच्या नेकवर सहाच ट्यूनर बसवायचे म्हणजे उरलेली भोकं बुजवावी लागणार. कारखान्याने लाकडी डट्टे ठोकले, वरून व्हिनियरचा पातळ थर दिला आणि फिनिश मारलं. समोरून बघितलं तर काही दिसत नाही. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च हेडस्टॉकच्या कडेला जवळजवळ टेकवा आणि उजेड पृष्ठभागावरून सरपटत जाऊ द्या. डट्ट्याचं लाकूड आणि नेकचं मेपल इतक्या वर्षांत सारखं आकसलेलं नसतं, त्यामुळे मळलेल्या कणकेवर वाटी हलकेच टेकवून उचलली की जसा गोल उमटतो तसे फिकट गोल दिसायला लागतात. एका शनिवारी गिटार शोमध्ये एका टेबलावर मी हे पहिल्यांदा स्वतः बघितलं. विकणारे काका म्हणाले हेडस्टॉकला "जरासं काहीतरी झालंय" म्हणून किंमत कमी करतो. त्यांच्या दृष्टीने तो दोष होता, आणि मला ती गिटार खरी असल्याचं सगळ्यात भक्कम चिन्ह तिथेच दिसत होतं. मी त्यांना तिथेच सांगितलं काय आहे ते. लपवून स्वस्तात घेणं मला पटत नाही, आणि या छंदात माणसं तीच तीच भेटत राहतात.

बॉडीवर पण असंच. इलेक्ट्रिक ट्वेल्व्हच्या तारा बॉडीतून आरपार मागे जायच्या. मॅव्हरिकवर फेंडरच्याच मस्टँग गिटारचं व्हायब्रेटो (तारांचा ताण हलवून सूर डोलवणारी यंत्रणा) बसवलंय, त्यामुळे ती जुनी भोकं बुजवलेली. मागच्या बाजूला, ब्रिजच्या साधारण समोर, टॉर्च तसाच आडवा धरा आणि रंग कुठे खोलगट बसलाय का बघा.

आता खरं आणि नंतरचं कसं ओळखायचं? बुजवणं कारखान्यातलं असेल तर त्याच्या वर मूळ फिनिश अखंड जातं. नंतर कोणी बुजवलं असेल तर गोलाच्या कडेशी फिनिश तुटतं किंवा आजूबाजूला वेगळी चमक दिसते. इथे यूव्ही टॉर्च काढा. अंधारात जुनं लॅकर फिकट हिरवट-पिवळं चमकतं आणि नवा पॅच त्यात काळपट किंवा वेगळ्याच रंगाचा ठिपका म्हणून दिसतो.

थांबा: नेकची मागची बाजू आणि हेडस्टॉकचा पुढचा भाग यूव्हीखाली वेगळे दिसले म्हणून घाबरू नका. १९६८ च्या आसपास फेंडरने जाड पॉलिस्टर फिनिश वापरायला घेतलं, पण हेडस्टॉकच्या डिकॅलवर (कंपनीचं नाव असलेल्या चिकटचित्रावर) पॉलिस्टर नीट बसत नव्हतं म्हणून तेवढा पुढचा भाग लॅकरचाच ठेवला. तो वयाने पिवळा पडतो आणि मागचा नेक पडत नाही. हा फरक असणंच बरोबर.

स्विंगरला हाच टॉर्च खालच्या खाचेवर आणि हेडस्टॉकच्या टोकावर लावा. कापलेली कड आणि बाकीची बॉडी यूव्हीखाली एकाच सुरात दिसायला हवी. म्युझिकमास्टरची बॉडी घरी करवतीने कापून स्विंगर "बनवणं" अवघड नाही, पण मग कापलेल्या कडेला नवा रंग द्यावाच लागतो आणि तो तिथे उघडा पडतो.

## ३. तारा काढा, पण ब्रिज सांभाळा

आता तारा सैल करा. सगळ्या थोड्या थोड्या, दोन-तीन फेऱ्यांत. एक तार पूर्ण काढून मग दुसरी, असं नको.

मॅव्हरिकवर ब्रिज मस्टँगचा आहे आणि तो स्क्रूने धरलेला नसतो, दोन पायांवर नुसता उभा असतो, तारांच्या दाबाने. तारा काढल्या आणि गिटार उलटी केली की ब्रिज पडतो, त्याचा पाया बॉडीवर ओरखडा काढतो आणि तो ओरखडा आयुष्यभर दिसतो. म्हणून उलटायच्या आधी ब्रिज वर उचलून काढा आणि कुठली बाजू नेककडे होती ते मास्किंग टेपवर लिहून त्यालाच चिकटवा. टेप रंगावर लावायचा नाही, धातूवर.

व्हायब्रेटोखालच्या दोन स्प्रिंगा कुठल्या खाचेत अडकल्यात त्याचाही फोटो काढा. स्विंगरला साधा, न हलणारा ब्रिज आहे, तिथे ही कटकट नाही.

## ४. नेक उघडा

चार स्क्रू कर्णाकर्णी, एकेक अर्धा वळसा सैल करत. नेकला खालून हात द्या. रंगामुळे नेक खाचेत चिकटलेला असेल तर हिसका मारू नका, हेडस्टॉक तुमच्याकडे हलकाच खालीवर करा, सुटतो.

नेक सुटताना खाचेत काय आहे ते लगेच बघा. कारखान्यात कोन जमवायला पातळ पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे. माझ्या हातून एका मित्राच्या गिटारमधला असाच तुकडा कार्पेटवर पडला, मला तो कचरा वाटला, दुसऱ्या दिवशी व्हॅक्युममध्ये गेला. परत जोडल्यावर तारा फ्रेटपासून इतक्या वर राहिल्या की ब्रिज पूर्ण खाली घेऊनही वाजवता येईना. नवीन तुकडा कापून बसवला, वाजायला लागली, पण कारखान्यातला तो तुकडा गेला तो गेलाच आणि मला ते मित्राला सांगावं लागलं. म्हणून सांगतो, खाचेतून निघालेली प्रत्येक गोष्ट, अगदी लाकडाची चिपळी सुद्धा, एका पाकिटात घालून त्यावर लिहा.

आता नेकच्या बुडाला शिक्का वाचा. त्या काळातल्या शिक्क्यात आधी मॉडेलचा आकडा, मग महिना, मग साल, शेवटी ए, बी, सी, डी यांपैकी नटच्या रुंदीचं अक्षर असतं. पुसट असेल तर घासू नका, ओला बोळा तर लांबच ठेवा. आडव्या उजेडात फोटो काढा आणि फोनवर कॉन्ट्रास्ट वाढवून वाचा.

तपासा: ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, बाक सरळ करायच्या धातूच्या दांड्याचा) फिरवायचा नट याच बुडाशी आहे. तो आत्ता फिरवायचा नाही. आज फक्त वाचन.

## ५. पिकगार्ड उचला

बारीक स्क्रू काढा आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागेचा राहील असे ठेवा. मी पुठ्ठ्यावर पिकगार्डचा आकार काढतो आणि प्रत्येक स्क्रू त्याच जागी टोचून ठेवतो, चुकायला वावच राहत नाही. पिकगार्ड एका बाजूने उचला, वायर किती लांब आहे ते बघा, मगच पूर्ण उलटा.

आत काय बघायचं:

खोबण. स्विंगरची बॉडी बास फाइव्हची असेल तर पिकगार्डखाली त्या बासच्या दोन तुकड्यांच्या पिकअपसाठी कोरलेली जागा रिकामी दिसते. सहा तारांच्या गिटारमध्ये ती कुठल्याच कामाची नाही, आणि म्हणूनच ती पुरावा आहे. ती नसेल तर लगेच निकाल देऊ नका, सगळ्या बॉडी बास फाइव्हच्या नव्हत्या. कोणी ती खोबण लाकूड भरून "सुबक" केली असेल तर मात्र वाईट वाटतं, कारण त्या माणसाने मेहनत घेऊन स्वतःच्याच गिटारचा जन्मदाखला पुसलाय.

पिकअप. मॅव्हरिकमध्ये इलेक्ट्रिक ट्वेल्व्हचेच पिकअप, प्रत्येक दोन तुकड्यांत, आणि चार जागांचा फिरता स्विच: नेकचा, दोन्ही सिरीजमध्ये, दोन्ही पॅरललमध्ये, ब्रिजचा. मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवून जॅकमधून प्रत्येक जागेचं रीडिंग घ्या, व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवून. सिरीजचा आकडा सगळ्यात मोठा, पॅरललचा सगळ्यात लहान यायला हवा. एखाद्या जागेला मीटर काहीच दाखवत नसेल तर लगेच पिकअप मेला असं नाही, आधी स्विच दहा-बारा वेळा फिरवा, आत गंज असतो.

सोल्डर. जुनं सोल्डर मळकट आणि सगळीकडे सारखं. मध्येच एक चकचकीत ठिपका दिसला तर तिथे कोणाचातरी हात लागलाय. वायर कापडी की प्लास्टिकची यावरून एकट्याने निकाल देऊ नका. फेंडरने १९६८ च्या सुमाराला कापडी वायर सोडली हे खरं, पण आपण उरलेल्या मालाबद्दल बोलतोय.

पॉट. पाठीवर किंवा कडेला आकडे असतात. उदाहरणार्थ ३०४६६१२: पहिले तीन बनवणाऱ्याचे, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. मग साल ६६, शेवटी आठवडा १२. आकडे सहाच असतील तर सालाचा एकच आकडा धरा. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा प्रचंड साठा घेतला आणि तो पुढची काही वर्षं पुरला, त्यामुळे १९६९ च्या गिटारमध्ये १९६६ चे पॉट सर्रास निघतात, उरलेल्या पार्टांच्या नसलेल्या गिटारमध्येसुद्धा.

थांबा: आतलं काहीही हाताळल्यावर हात साबणाने धुवा. जुन्या सोल्डरमध्ये शिसं आहे.

## ६. सगळ्या तारखा एका कागदावर मांडा

आता कागद घ्या आणि नेकचा शिक्का, प्रत्येक पॉट, नेकप्लेटचा नंबर एकाखाली एक लिहा. आणि मग हा नियम लावा: जुने पार्ट फक्त कुठून आले ते सांगतात, गिटार कधी झाली हे सगळ्यात नवा पार्ट सांगतो.

नेकवर १९६६ आणि पॉट पण १९६६ चे असले म्हणून तुमच्याकडे "१९६६ ची मॅव्हरिक" नाही, तशी वस्तूच नाही. तुमच्याकडे १९६६ च्या नेकची १९६९-७० ची मॅव्हरिक आहे. जाहिरातीत लिहिताना पण असंच लिहा, लोक चुकून जास्त जुनं साल लिहितात आणि जाणकार गिऱ्हाईक तिथेच पळतो.

उलट दिशा धोक्याची. एखादा पॉट १९७३ चा निघाला तर तो नंतर बदललाय, यात चर्चा नाही. नेकचा शिक्का १९७० नंतरचा असेल तर नेक मूळचा नाही. म्हणजे मागे कितीही जा, इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह बाजारात आली त्या १९६५ च्या आसपासपर्यंत ठीक, पुढे गेलात की प्रश्न.

नेकप्लेटवर मोठा एफ आणि खाली नंबर असतो. हा नंबर सगळ्यात कमी भरवशाचा. प्लेटा खोक्यातून हाताला येईल तशा लावल्या जायच्या आणि चार स्क्रू काढले की प्लेट कोणीही बदलू शकतो. नंबर फक्त साठच्या दशकाच्या शेवटाशी ढोबळ जुळतोय ना एवढं बघा.

## ७. परत जोडणी

उलट क्रमाने, आणि ज्या भोकातून स्क्रू निघाला त्याच भोकात. स्क्रू आधी उलटा फिरवा, टक् असा बारीक आवाज येतो, म्हणजे जुन्या आट्यात बसला, मग सुलटा घट्ट करा. हे केलं नाही तर स्क्रू लाकडात नवीन आटे पाडतो आणि दोन-तीन वेळा उघडझाक झाली की भोक मोकळं होतं.

पाकिटातला पुठ्ठा आठवणीने परत. तारा स्विंगरला जरा जाड घ्या, ०.०११ पासूनचा सेट, २२.५ इंचावर ०.००९ चा सेट दोरीसारखा लोंबतो आणि सूर टिकत नाही.

नेकला बाक असेल आणि ट्रस रॉड लागणारच असेल तर आज नाही, तारा चढवून एक आठवडा जाऊ द्या, मग बघा. आणि मग पाव वळशापेक्षा जास्त एका वेळी नाही. अडला तर सोडून द्या, जुन्या कामाच्या चांगल्या कारागिराकडे न्या.

## काय करायचंच नाही

बुजवलेली भोकं उकरून बारा ट्यूनर बसवायचे नाहीत. दरवेळी कोणीतरी विचारतो की मूळची बारा तारांचीच होती तर परत तशी करू का. ती त्या रूपात कारखान्यातून कधी बाहेर पडलीच नव्हती, परत जायला जागाच नाही.

रंग परत द्यायचा नाही. डट्ट्यांचे गोल दिसतात म्हणून तर अजिबात नाही. एका ओळखीच्याने असा हेडस्टॉक एका दुरुस्तीवाल्याकडे दिला, त्याने गुळगुळीत करून दिला, डिकॅलसकट. काम सुंदर होतं. पण आता ती गिटार नक्की काय आहे हे सिद्ध करायला त्याच्याकडे फक्त जुने फोटो आहेत.

मॅव्हरिकचे पिकअप काढून इलेक्ट्रिक ट्वेल्व्हवाल्याला विकायचे नाहीत. पैसे मिळतात हे खरं, पण अशा गिटार मुळात फार थोड्या आणि एकेक अशीच सुटी होऊन संपतेय.

## भारतात आणणार असाल तर

फिंगरबोर्ड रोझवूडचा आहे, म्हणजे लाकडाच्या कागदपत्रांचा प्रश्न येतो. १९६६ च्या सुमारापासून फेंडरने भारतीय रोझवूड घ्यायला सुरुवात केली, म्हणजे आपली शिसव, आणि कधी विचार करतो की दांडेली-बेळगावच्या बाजूची किंवा केरळातली फळी कॅलिफोर्नियात जाऊन फिंगरबोर्ड झाली आणि आता परत येतेय. सायटिस या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात तयार वाद्यातल्या भारतीय शिसवीला २०१९ पासून नियम सैल झाले, पण ब्राझिलियन रोझवूड अजूनही सगळ्यात कडक यादीत आहे. नेकचा शिक्का १९६५-६६ चा असेल तर लाकूड कुठलं ते जाणकाराकडून लेखी घ्या आणि पाठवायच्या आधी परवान्याचं विचारा, माल कस्टममध्ये अडकल्यावर नाही.

मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलची पाकिटं आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली पाहिजे. भिंतीला टांगून ठेवू नका. जुलैमध्ये लाकूड ओल घेतं आणि तेच डट्टे, जे इतकी वर्षं शांत होते, फुगून वरच्या फिनिशला तडा देऊ शकतात.

## ८. केसमध्ये कागद ठेवा

सहाव्या पायरीचा तारखांचा कागद, मीटरचे आकडे, उघडल्याची तारीख, तुम्ही काय बदललं आणि काय बदललं नाही, आणि फोटोंची छापील प्रत, हे सगळं एका पाकिटात घालून केसच्या कप्प्यात ठेवा. बदललेला एखादा पार्ट असेल तर जुना पण त्याच पाकिटात, मोडका असला तरी. पुढच्या माणसाला नेक परत उघडायची गरज पडू नये इतकं स्वच्छ लिहा, आणि पेन्सिलने लिहा, शाई ओलीत पसरते.